धुरजड आणि उलाळ

‘धुरंधर’ हा शब्द आपण आता सभा-संमेलनांतल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवला आहे आणि ‘धुरा’ नव्या अध्यक्षांच्या खांद्यावर दिली आहे. दोन्हींच्या मुळाशी ‘धुर्’ म्हणजे जू आहे, हे वर्गात मुद्दाम सांगावे लागते. याच कुळातला ‘धुरजड’ आणि त्याचा जोडीदार ‘उलाळ’ हे शब्द उच्चारले, की एखाद्याच विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. बैलगाडीत ओझे आसाच्या पुढे अधिक झाले, की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. मागे अधिक झाले, की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळू लागतो. आमचे आजोबा गाडी भरून झाली, की जुवाखाली हात घालून ती तोलून पाहत. हाताला थोडा भार लागलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे असे.

बैलगाड्या विरळ झाल्या म्हणून भाराचा हा प्रश्न मिटलेला नाही. गळीत हंगामात बिद्री, भोगावती, कुंभी-कासारी अशा कारखान्यांच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जाताना दिसतात. दोन चाकांच्या ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो आणि हा हुक ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्याही मागे असतो. त्यामुळे ट्रॉली जितकी धुरजड, तितका ट्रॅक्टर उलाळ! चढावर त्याची पुढची चाके हलकी होतात, सुकाणूचे ऐकेनाशी होतात. म्हणून पुढच्या बंपरवर लोखंडी वजने चढवलेली दिसतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मागे एका आतेभावाबरोबर जाण्याचा योग आला. ट्रॉलीच्या पुढच्या दांडीवर अवजारांची पेटी, जॅक आणि पाण्याचा ड्रम अशी सगळी सोय त्याला करून हवी होती. मिस्त्री वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, “बसवतो की दादा. पर आधी ट्रॅक्टर जोडून पार वळवून दावा.” भावाने ट्रॅक्टर वळवला. मागचे मोठे चाक दांडीच्या जवळ जवळ येत गेले आणि जेमतेम चार बोटांवर थांबले. “आता सांगा, पेटी कुठं ठेवू?” शेवटी पेटी ट्रॉलीच्या कडेला, आसाजवळ बसली. “हुकाला आणि बोजा कशाला?” एवढेच ते पुढे बोलले. आजोबा हाताने जे तोलत, ते या माणसाने नजरेने तोलले होते.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी आणि पशुपालकांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे. तिथे जड ट्रेलरची दांडी हंसाच्या मानेसारखी वर उचलून पिकअप गाडीच्या हौद्यात आणतात आणि मागच्या आसाच्या वर, किंवा किंचित पुढे, एका गोळ्यावर टेकवतात. साध्या जोडणीत ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार ओढणाऱ्या गाडीवर येतो. हंसमानेच्या जोडणीत तो २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. तरीही गाडी उलाळ होत नाही, कारण भार आसाच्या मागे लोंबकळत नाही. पण मग हौदा मोकळा राहत नाही. पेटी, झाकण, कडेचे कठडे, जे काही बसवायचे ते मानेला वळायला जागा सोडूनच बसवावे लागते. शिवाय प्रत्येक वस्तूचे वजन त्याच आसाच्या हिशेबात धरावे लागते. आमच्या मिस्त्रींना हे सारे एका वाक्यात समजले असते.

आपल्याकडे ट्रॉलीला काय काय लावलेले नसते? मुलांची नावे, देवांची चित्रे, दणदणीत स्पीकर. मात्र मागे लोंबणाऱ्या वाढ्यांखाली दिवा झाकला जातो आणि अंधारात दुसरी ट्रॉली मोटारसायकलस्वाराला दिसतच नाही. अशा धडकांच्या बातम्या हंगामात वाचायला मिळतात. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावण्याच्या मोहिमा कारखाने आणि पोलीस काढतात. पण उसाच्या टोकांबाहेर दिसेल अशा जागी पट्टी लावली नाही, तर ती असून नसल्यासारखीच. वस्तू असणे आणि ती योग्य जागी असणे यांतले हे अंतर आहे.

बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. या खांदेमळणीत वर्षभराचा भार कुठे पडला, याची जाणीव असते. खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हार पडतो. हुकाच्या पिनेकडे त्या दिवशी कोणी वाकून पाहते का, हे मी अलीकडे मुद्दाम पाहू लागलो आहे. शब्द कोशात जपता येतील. पण ‘धुरजड’चा अर्थ ज्याला रोज रस्त्यावर लागतो, त्या विशीतल्या ट्रॅक्टरचालकाच्या तोंडी तो शब्द नाही, याची हळहळ मला अधिक वाटते. शब्द असता, तर निघण्यापूर्वी स्वतःला विचारायचा एक प्रश्न त्याच्याजवळ आयता असता.