ढोलक ऐकू येते तोवर

आमच्या निजामपुऱ्यात शांतता अशी आम्ही कधी ऐकलीच नाही. जन्मापासून कानात यंत्रमागाची खटखट. पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप लागत नसे आणि आम्हाला वीज गेली, माग थांबले की जाग येई. अशा गावात गाणं ऐकायचं तर ते मागापेक्षा दणदणीत हवं. भिवंडीत कव्वाली एवढी रुजली, ती कदाचित यामुळेही असेल.

उरूस असो की मोहल्ल्यातलं लग्न, कव्वालीची मैफल ठरलेली. पुरुष मंडळी खाली शामियान्यात आणि आम्ही बहिणी अम्मी-खालाजानसोबत गच्चीवर, चादर अंगावर घेऊन. आधी हम्द, मग नात, मग मन्क़बत आणि रात्र चढली की गझला. हार्मोनियम, ढोलक, बेंजो, आणि हमनवांच्या टाळ्या. कव्वाल एकच ओळ दहा वेळा घोळवी आणि दर वेळी तिचा अर्थ थोडा सरके. उर्दूचा पहिला धडा आम्ही शाळेत नाही, त्या गच्चीवर शिकलो.

अब्बा मागावर कामाला. बारा तासांची पाळी. पण मैफलीच्या रात्री ते भोंग्याच्या अगदी खाली जागा धरत. शेजारी त्यांचे पद्मानगरचे तेलुगू सोबती. त्यांना उर्दू शेर फारसे कळत नसत, पण दाद द्यायला तेच पुढे. वरून आम्हाला अब्बांचे हलणारे खांदे दिसत. घरात गप्प असणारा हा माणूस तिथे वेगळाच वाटे.

१९९७च्या ऑगस्टमध्ये नुसरत फतेह अली खान गेले. त्यानंतरच्या मैफलीत कव्वालांनी त्यांच्यासाठी दुआ मागितली आणि मग फजरपर्यंत गात राहिले. अब्बा तिथूनच थेट कामावर गेले.

घरी मात्र आमची तक्रार असे, की अब्बा आमचं ऐकतच नाहीत. आम्ही शाळेतलं काही सांगावं आणि त्यांनी नुसती मान हलवावी. फी मागितली तरी मान, नंबर आला म्हटलं तरी तीच मान. आम्ही रुसायचो. मुलींचं कोण ऐकतंय, असंही मनात यायचं.

आम्ही बी.एड. करत असताना त्यांचे कान तपासून घेतले. तपासणाऱ्यांनी कागदावरचा आलेख दाखवला. मागाच्या आवाजाने आधी बारीक, उंच सूर जातात. म्हणजे स, श, फ ही अक्षरं, बायकांचे आणि मुलांचे आवाज. जाड, खालचे सूर बरीच वर्षं टिकतात. आम्ही तो कागद हातात धरून बसलो. अब्बांना ढोलक ऐकू येत होती, आम्ही नव्हतो.

अब्बांनी तरुणपणी मुंबईत शकीला बानो भोपाली यांना ऐकलं होतं. १९८४च्या भोपाळ वायुगळतीने त्या बाईंचा आवाज नेला, हे ते नेहमी सांगत. स्वतःच्या कानांबद्दल एक शब्द बोलत नसत. कारखान्यात कानात घालायला कुणी कधी काही दिलं नाही. मागायचं असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

आता मैफली लवकर आटोपतात. २००० सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री दहाला भोंगा बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. नियम चुकीचा नाही. परीक्षेची मुलं, आजारी माणसं यांचा विचार आम्ही शिक्षकांनी तरी करायलाच हवा. पण कव्वाल गप्प होतो आणि पलीकडच्या गल्लीतले माग सकाळपर्यंत चालू राहतात, तेव्हा हसू येतं. ज्या आवाजाने कान गेले, त्याला घड्याळ नाही.

मागच्या एका मैफलीला आम्ही गच्चीवर न जाता अब्बांशेजारी खुर्ची टाकून बसलो. दोन-चार नजरा वळल्या, वळू दिल्या. अब्बांनी हाताचा पंजा मंचाच्या लाकडावर ठेवला होता. बेंजो त्यांना कळत नव्हता, शब्दही नव्हते. पण टाळी बरोबर समेवर पडत होती.

आमच्या शाळेतल्या पालकसभेला बहुतेक वडील मागावरून येतात. आम्ही मुलाची प्रगती सांगतो, ते मान हलवतात. पूर्वी आम्ही शिक्षकांच्या खोलीत म्हणायचो, यांना मुलांची फिकीरच नाही. आता आम्ही खुर्ची जवळ ओढतो, समोर तोंड करून, आवाज थोडा खाली आणून, हळू बोलतो. नाहीच कळलं तर कागदावर लिहून देतो. परवा एका बापाने तो कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला.