केरसुणीविना

दिवाळी तोंडावर आली की घरातली माझी किंमत एकदम घसरते. एरवी भरल्या वर्गापुढे ज्ञानेश्वरी उलगडून सांगणारा हा गृहस्थ हातात फडके घेऊन स्टुलावर चढतो आणि दिवसभर "कोपरे राहिले" एवढेच ऐकतो. यंदा त्यात धाकट्या मेहुणीची भर पडली. मी पंख्याची पाती गोल गोल पुसत होतो. ती खालून म्हणाली, "भावोजी, आमच्याकडे असतात ना, तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं तुम्हाला!"

"आमच्याकडे" म्हणजे इंजेक्शनांच्या कुप्या भरण्याच्या कारखान्यात. तिथल्या निर्जंतुक विभागाच्या सफाईची ती प्रमुख. हाताखाली चौदा माणसे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीने केर कसला काढायचा, असे तिला नोकरी लागली तेव्हा घरात कुणीतरी बोलले होते. तो कुणीतरी मीच, हे कबूल केलेले बरे.

चहा घेता घेता तिने माझी शिकवणी घेतली. केरसुणीला तिथे मज्जाव. ती धूळ काढण्यापेक्षा उडवतेच जास्त. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन, तीही दूरच्या टोकाकडून दाराकडे. फडके सरळ ओढायचे, प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर थोडी चढलेली, आणि दर ओढीला घडीची नवी बाजू. गोल पुसले की उचललेली घाण पुन्हा तिथेच. निव्वळ अल्कोहोलपेक्षा तीस टक्के पाणी घातलेले अल्कोहोल जंतू अधिक मारते, हे ऐकून मला आमच्या दूधवाल्याची बाजू प्रथमच पटली.

कुपी जिथे उघडी असते, तिथल्या एक घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. आणि चालत्या माणसाच्या अंगावरून मिनिटाला लाखो कण झडतात! म्हणजे खोलीतली पहिली घाण सफाई करणाराच. म्हणून कुंकू, काजळ, पावडर, बांगड्या सगळे बाहेर ठेवायचे आणि डोळ्यांसकट अंग झाकून आत जायचे.

नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी एक जुनी गोष्ट सांगते. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचून घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. लस परळच्या प्रयोगशाळेतली; त्या एका बाटलीतल्या लशीत जंतू शिरले होते. हाफकिनसाहेबांवरचा ठपका पुसला जायला १९०७ साल उजाडले.

"आणि तुझ्याकडे कधी असं काही?" मी सहज विचारले.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, मागच्या पावसाळ्यात एकदा. सकाळी कुप्या भरायला सुरुवात व्हायची होती. पहाटे तिच्या तुकडीतला एक नवा मुलगा समोर येऊन उभा राहिला. "ताई, मागच्या भिंतीवरचं औषध दहा मिनिटं ओलं राहायला हवं होतं. मी सहाव्या मिनिटाला पुसलं." कागदावर मात्र त्याने दहा लिहून सही केली होती. भिंत चकचकीत दिसत होती. तो बोलला नसता तर कुणाला पत्ता लागला नसता.

तिने त्याला खोटा आकडा वाचता येईल असा एका रेघेने खोडायला लावला, शेजारी खरा आकडा, सही आणि तारीख घालायला लावली आणि वर फोन केला. सगळी सफाई पुन्हा झाली. भरणी दुपारपर्यंत थांबली. साहेबांनी तिला नको ते ऐकवले. त्यापायी तिची बढती हुकली, हे मला नंतर बायकोकडून कळले.

"आणि तो मुलगा?"

"त्याला पुन्हा शिकायला बसवलं. चारचौघांत ओरडले नाही. ओरडले असते तर चौदाजणांपैकी पुन्हा कुणी माझ्याकडे आलं असतं का, भावोजी? भिंत काही आपणहून बोलत नाही."

मला एक जुना गठ्ठा आठवला. उत्तरपत्रिका पाठवून दिल्या, आणि रात्री लक्षात आले की एका मुलाच्या एका प्रश्नाचे चार गुण बेरजेत धरायचे राहिले. सकाळी कळवू म्हटले. सकाळी वाटले, फेरतपासणीत निघेलच. मग सुट्टी लागली. तो मुलगा पास झाला की नापास, मला आजतागायत ठाऊक नाही.

"काय झालं, भावोजी?"

मी तोंड उघडले, आणि म्हणालो, "पंख्याचं तिसरं पातं राहिलंय."

मी पुन्हा स्टुलावर चढलो. ती खाली स्टूल धरून उभी राहिली.