काकनकोटच्या रानात

सुट्टीत मुलांना कुठं न्यायचं, हा प्रश्न दर एप्रिलात तुमच्याही घरी पडत असेल. आमच्याकडे यंदा तो एका जुन्या बोलपटाने सोडवला. ‘एलिफंट बॉय’ हा १९३७ सालचा चित्रपट मुलांनी घरी पाहिला आणि ‘हे रान कुठं आहे?’ म्हणून माझ्या मागे लागली. गोष्ट किपलिंगची, पण रान आपल्या शेजारचंच, कर्नाटकातलं!

मग काय, म्हैसूर गाठलं. राजवाडा, चामुंडी टेकडी झाली आणि हेग्गडदेवनकोटेच्या रस्त्याने कारापूरला गेलो. चित्रपटात तूमाई झालेला साबू याच कारापूरचा. जन्म १९२४ चा. वडील म्हैसूरच्या महाराजांकडे माहूत. आई लहानपणीच गेली, पुढे वडीलही गेले. पोर हत्तीखान्यातच वाढलं आणि चित्रपटवाल्यांना तिथेच सापडलं. पडद्यावर तो एवढासा जीव डोंगराएवढ्या हत्तीला दटावतो, तेव्हा आमचा धाकटा टाळ्याच पिटत होता.

इथल्या काकनकोटच्या रानात पूर्वी ‘खेड्डा’ व्हायचा. हाकारे घालून रानहत्तींचा कळप कबिनी नदीत उतरवायचा, ओंडक्यांच्या कोंडवाड्यात घ्यायचा आणि माणसाळलेल्या हत्तींच्या मदतीने एकेकाला दोरखंडाने बांधायचं. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. पुढे कबिनीवर धरण झालं आणि ती जागाही बरीचशी पाण्याखाली गेली.

आज त्याच पाण्यावर होडीतून फिरवतात. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, काठाला कोवळं गवत फुटतं आणि हत्ती कळपाने येतात. एक पिलू आईच्या चार पायांच्या मधेच उभं होतं.

‘खेड्ड्यात याला आईपासून वेगळं करायचे का गं?’ थोरल्याने विचारलं.

‘करतही असतील,’ म्हटलं आणि मी पाण्याकडे पाहत राहिले.

कारण सांगते. जूनपासून थोरल्याला वसतिगृहात ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. साबूही बारा वर्षांचा असताना भावाबरोबर विलायतेला गेला. नावारूपाला आला, अमेरिकेत स्थायिक झाला आणि १९६३ साली, चाळिशीही न गाठता, तिकडेच वारला.

रात्री मी ह्यांना म्हटलं, ‘आणखी एक वर्ष राहू दे की घरी.’

हे म्हणाले, ‘त्यालाच विचार.’

विचारलं, तर पोरगा म्हणतो, ‘मी जातो. पण दर महिन्याला तू यायचं.’ त्याच्या मनाची तयारी झाली होती हो; माझीच व्हायची होती.

तुम्ही जाल तेव्हा मातकट रंगाचे कपडे घाला, मुलांना टोप्या द्या, होडीत खाऊ नको नि बडबडही नको. सुट्टीत गर्दी फार, म्हणून जागा आधीच राखून ठेवा. आणि परतल्यावर तो चित्रपट पुन्हा पाहा. आम्ही पाहिला. या वेळी टाळ्या कुणी पिटल्या नाहीत. धाकटा माझ्या मांडीवर येऊन बसला, आणि थोरलाही जरा सरकून जवळ आला.