किती उशा?

गेल्या महिन्यात बाबांना दम लागायला लागला म्हणून हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं, तेव्हाची गोष्ट.

खरं तर मी निर्धास्त होतो. कोविडच्या वेळी घेतलेलं ऑक्सिमीटर घरी आहेच. रोज बाबांच्या बोटाला लावायचं, ९५ दिसलं की झालं! आकडा चांगला म्हणजे माणूस चांगला, असा माझा हिशेब.

वॉर्डातल्या सिस्टरनी मशीन लावलं, पण लगेच बाजूला ठेवलं. स्टूल ओढून बसल्या आणि बाबांचं मनगट धरलं. एक मिनिट झालं, दुसरंही झालं, तरी हात सोडेनात. मग कागदावर लिहिलं : नाडी ११२, श्वास २८. मोठ्या माणसाचा शांत बसलेला असताना श्वास मिनिटाला १२ ते २० असावा, हे मला तेव्हा कळलं.

"पण तुम्ही तर नाडीच बघत होता ना?" मी बाहेर आल्यावर विचारलं. त्या हसल्या. "श्वास मोजतेय असं सांगितलं की पेशंट सांभाळून श्वास घेतो. म्हणून हात धरायचा आणि छातीकडे बघायचं."

त्याआधी आत त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. "काका, रात्री झोपताना किती उशा लागतात?"

"एकच," बाबा ऐटीत म्हणाले.

कोपऱ्यातून आई म्हणाली, "एक कुठली? तीन! आणि चार दिवस तर आरामखुर्चीतच झोपतायत."

सिस्टरनी नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तर तिथे खळगा, भरून यायला वेळ लागला. "चपला घट्ट होतात का?"

मी खाली मान घातली. चपला घट्ट होतात म्हणून बाबा दुकानदाराला शिव्या घालत होते, आणि मीच जाऊन आठ नंबरच्या बदलून नऊच्या आणल्या होत्या! आरामखुर्चीतल्या झोपेवरून तर आम्ही सगळे त्यांची थट्टा करायचो.

आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडे परततं. थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही, मग फुप्फुसात पाणी साठतं आणि दम कोंडतो. म्हणून उशा वाढत जातात. सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं, फक्त मशीनच्या पडद्यावर नव्हतं.

लघवी वाढवणाऱ्या इंजेक्शनांनी पाच दिवसांत चार किलो वजन उतरलं. सगळं पाणी. आता रोज सकाळी, चहाच्या आधी, वजन करून वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच डॉक्टरांना फोन.

तुमच्या घरात कुणी वयस्कर असेल तर एकदा त्यांच्या उशा मोजा. त्यांना विचारू नका, खोटं सांगतात.

हल्ली संध्याकाळी मी बाबांचं मनगट धरून बसतो. "किती आहे रे नाडी?" ते विचारतात. मी काहीतरी आकडा सांगतो.

मोजत असतो श्वास.