टाकीतील उजेड

आमच्या विद्यालयाच्या ग्रंथालयात दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. एका माजी विद्यार्थ्याने ती भेट दिली आणि तिची देखभाल आमच्याकडे आली. आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. साहजिकच प्रारंभ वाचनाने केला. १८५० च्या सुमारास लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एकाच पात्रात ठेवून पाहिले. जुनी पाने कुजून पाणी गढुळले, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाण्याचा तोल सावरला.

आम्ही मात्र तोल विसरलो. उजेडाविषयी आमच्या पिढीची एक भाबडी श्रद्धा आहे : जितका अधिक, तितका बरा. टाकी खिडकीखाली ठेवली, वर पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत ट्यूबलाइट. तीन आठवड्यांत काचांवर शेवाळ दाटले, मासे दिसेनासे झाले. झाडांना पेलवत नाही तो उजेड शेवाळ घेते, हे उशिरा उमगले.

मग टाकी आतल्या भिंतीशी हलवली. ६५०० केल्विनचा साधा एलईडी दिवा आणि टायमर आणला. दिवसाला सात तास, एक मिनिटही अधिक नाही. भरपूर प्रकाश मागणाऱ्या लाल पानांच्या वनस्पतींचा मोह सोडला. जावा फर्न व अनुबियास दोऱ्याने दगडाला बांधले, कारण त्यांचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. (पहिले आम्ही पुरलेच होते.) मागच्या बाजूस व्हॅलिस्नेरिया लावली. मुलांनी तळ्यातून हायड्रिला आणली. ती बादलीत ठेवून नीट निरखून घेतली, कारण तिच्यासोबत चतुराची अळी आली तर लहान मासे उरत नाहीत.

ऑगस्टमध्ये श्रीलंकेची क्रिप्टोकोरीन वेंडटी लावली. आठवड्याभरात तिची पाने विरघळून गेली. आम्ही पाचवीतल्या एका नव्या मुलाला ती उपटून टाकण्यास सांगितले. मुलगा अबोल होता. रात्री रडे, ताटावरून अर्धपोटी उठे. त्याच आठवड्यात आम्ही त्याच्या वडिलांना पत्र धाडले होते : मुलगा येथे रुजणार नाही, दिवाळीच्या सुटीत न्यावा तो परत आणू नये.

सप्टेंबरच्या अखेरीस त्याने आम्हांस टाकीपाशी बोलावले. वाळूतून तीन तपकिरी-हिरवी पाने वर आली होती. जागा बदलली की ही वनस्पती पाने टाकते आणि मुळावर जगते, हे आम्ही त्यानंतर वाचले. त्याने फक्त कुजकी पाने काढली होती.

“सर, मुळी पांढरी होती,” तो म्हणाला. “म्हणून नाही उपटली.”

दिवाळीला वडील आले, ट्रंक न्यायला रिकामी गोणी घेऊन. आम्ही त्यांना कार्यालयात न बसवता थेट ग्रंथालयात नेले आणि आमचे पत्र परत मागितले.