हाडोळ्याचा दगड आणि वकिलाची फी

मोर्चा काढायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कलेक्टर कचेरीपुढं दोन तासांत शंभर माणूस बसवतो आपण. अत्याचार झाला की कोणतं कलम लावायचं हे आपली पोरं फौजदाराला सांगतात. पण टाइप केलेला कागद पुढ्यात आला की आपलाच माणूस खिशात पेन शोधतो. वाचणारा शोधत नाही. मला बोलायचंय ते या सहीच्या आधीच्या दिवसांबद्दल.

आमच्या भावकीचा हाडोळा आहे. चार एकर, अकरा घरं. नांगर लागत नाही, नुसता काळा पाषाण. वतनात आमच्या वाट्याला आली ती जमीन अशीच. तिच्यापायी आजा-पणजानं रात्री-अपरात्री गावाचे सांगावे पोचवले, मेलेली ढोरं ओढली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं ते हीच वेठ मोडायला. पुढं १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. रक्कम भरून जमीन आमच्या नावावर झाली, पण सातबाऱ्यावर शेरा राहिला : भोगवटादार वर्ग २.

तालुक्यात रस्त्याचं काम निघालं, खडीला भाव आला, आणि एक क्रशरवाला आमच्या ओट्यावर येऊन बसला. आमच्या कपात चहा प्याला, तेही आवर्जून. वर्षाला एकरकमी साठ हजार, दहा वर्षं. करारनामा तयारच होता. नोटरीही त्याचाच.

तात्या म्हणाले, "आरं, पिढ्यान्‌पिढ्या धोंडंच हाय त्यात. येतंय ते पदरात घ्या. वकील कशाला मधी? तोच निम्मं खाईल."

तात्यांची भीती उगाच नाही. आपल्या माणसानं वकील पाहिलेला असतो तो कोर्टाच्या आवारात, तारखेगणिक पैसे मागणारा. मी तिघांकडं गेलो. पहिला म्हणाला, फी नको, दर ब्रासमागं माझा वाटा ठेवा. दुसऱ्यानं कागद न वाचताच "चांगला आहे" म्हटलं. मागून कळलं, क्रशरवाल्याची कामं तोच बघतो. तिसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आधी सातबारा आणि फेरफार मागितले. मग लिहून दिलं : करार वाचून मत द्यायला तीन हजार, बोलणीला बसून नवा मसुदा करायला नऊ हजार, परवानगीचा अर्ज आणि नोंदणीला तीन हजार. सरकारी खर्च वेगळा. प्रत्येक रकमेची पावती. एकूण पंधरा हजार, म्हणजे घरटी चौदाशेला कमीच.

रास्त फी म्हणजे स्वस्त फी असं मी मानत नाही. काय काम आणि किती पैसे हे आधी लिहून देईल, पावती फाडेल आणि समोरच्याचं मीठ खाणार नाही, तो रास्त वकील. खटल्याच्या निकालावर फी ठरवायला आणि त्यातल्या पैशात वाटा घ्यायला बार कौन्सिलचे नियम वकिलाला मनाई करतात. आमचा खटला नव्हता हे खरं. पण वाटा मागणाऱ्याची नजर आमच्या कामावर नव्हती, आमच्या दगडावर होती.

आणि ज्याच्याजवळ चौदाशेही नाहीत त्यानं काय करायचं? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा काढा, कलम १२ बघा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत विधी सेवा आहे. त्या सेवेत खटला चालवणं आलं, तसा सल्लाही आला. तालुक्याला समिती असते. वर्ग २ म्हणजे काय हे मी आधी तिथंच विचारून आलो. ती भीक नाही. हक्क आहे, मान खाली न घालता मागायचा.

बाईंनी पहिलीच गोष्ट सांगितली ती ऐकून आम्ही गार. म्हणाल्या, दगड तुमचा नाहीच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ : खनिजावर हक्क सरकारचा. पट्टा सरकार देणार, स्वामित्वधन सरकारला जाणार. मग आमच्याकडं विकायला राहिलं काय? संमती. खासगी जमिनीत खाणपट्टा घ्यायचा तर जमीनधारकाची संमती लागते. क्रशरवाल्याला आमच्या अकरा घरांच्या सह्या हव्या होत्या. हे कळल्यावर तात्या खाटेवर ताठ उठून बसले.

दुसरं, वतनाची जमीन बिगरशेती कामाला दुसऱ्याच्या हाती द्यायची तर कलेक्टरची पूर्वपरवानगी हवी. नाहीतर शर्तभंग, आणि मग जमीनच सरकारजमा व्हायची पाळी. तिसरं, एका वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. चौथं, त्या करारात मधेच एक ओळ होती : उत्खननाच्या सर्व जबाबदाऱ्या जमीनमालकाच्या. बेकायदा उत्खननाला दंड खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत असतो. म्हणजे दगड त्यानं न्यायचा आणि नोटीस तात्यांच्या नावानं यायची.

बोलणी तीनदा झाली, बाईंच्या ऑफिसात. आमच्या ओट्यावर नको, असं त्यांनीच सांगितलं. तिथं तुम्ही पाहुणचार करता आणि नाही म्हणायला लाजता. एकरकमी साठ हजार गेले, ब्रासला दर आला. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मोजणी वाहतूक पासावरून, वही आम्हाला दाखवायची. स्वामित्वधन आणि दंड त्याच्याकडं. मुदत दहाची तीन वर्षं. सुरुंग लावायच्या आधी सूचना, घराला तडा गेला तर भरपाई. काम संपल्यावर खड्ड्याला कुंपण, त्यासाठी अनामत आधी. अनामत आम्ही मागितली त्याच्या निम्मीच मिळाली. दरही थोडा खाली आणावा लागला. एका चुलत्यानं आधीच पाच हजार उचल घेतली होती, ती त्याच्या वाट्यातून वळती करायचं ठरलं. भावकीत दोन दिवस भांडण झालं. होऊ दे. भांडण सहीच्या आधी झालेलं परवडतं. सहीनंतर झालं की कोर्टात जातं.

परवानगीचा अर्ज सध्या कचेरीत आहे. क्रशरवाला दर आठवड्याला फोन करतो. आम्ही सही केलेली नाही. आमच्याकडचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे म्हणतात. तो चार महिने अजून थांबेल.

दोस्तांनो, तुमच्या वस्तीत कुणाचा हाडोळा आहे ते विचारा. सातबारा काढून चारचौघांत मोठ्यानं वाचा. इतर हक्काचा रकाना वगळू नका. तालुक्यातला एक तरी रास्त वकील हेरून ठेवा, त्याची फी विचारून ठेवा. आपण आंदोलनाला वर्गणी काढतो, जयंतीला काढतो. एकदा कागद वाचून घ्यायला काढा. गाडी दारात उभी राहिल्यावर वेळ मिळत नाही.