रोजा कुशाईचा डबा

गेल्या वर्षी, मार्चमधल्या रमजानमध्ये, माझ्या धाकटीने पहिला रोजा ठेवला. वय वर्षे नऊ. घरात रोजा कुशाईची तयारी आठवडाभर आधीपासून सुरू होती. मोमीनपुऱ्यातून खजूर आणले, दादीने हलीमचे गहू भिजत घातले, नवा गरारा शिवून आला. मी मोठ्या हौसेने विचारले, ‘‘बेटा, इफ्तारला तुला काय हवंय?’’

तिने लगेच एका बर्गरच्या दुकानाचे नाव घेतले. नुसते नाव नव्हे. कोणता डबा, त्यात कोणते खेळणे, तो केवढ्याला, कितीच्या वर घेतले की थंड पेय फुकट, सगळे तोंडपाठ. हीच मुलगी सतराचा पाढा पाठ होत नाही म्हणून आदल्या दिवशी रडत होती.

दादी म्हणाल्या, ‘‘दिवसभर उपाशी राहून पोर हे खाणार?’’ मी म्हटले, ‘‘अम्मी, पहिला रोजा आहे, मन नका मोडू तिचं.’’ खरे सांगायचे तर मीच थकले होते. नकार द्यायलाही अंगात बळ लागते. ऑर्डर देताना मी एकच गोष्ट विचारली, हलाल आहे ना? हो म्हणाले, आणि माझे समाधान झाले. हलालच्या जोडीला ‘तय्यब’ हाही शब्द कुरआनमध्ये आला आहे, हे मी मुलांना अनेकदा सांगितले आहे. त्या दिवशी मला स्वतःलाच आठवले नाही.

डबा आला. मगरिबची अजान झाली. खजूर तोंडात टाकून तिने डबा उघडला, खेळणे बाहेर काढले, बर्गरचे दोन घास खाल्ले आणि बाजूला सारला. मग दादीच्या हलीमकडेही तिचे लक्ष जाईना. नजर सारखी दाराकडे. तिचे अब्बू वेळेवर येतो म्हणाले होते, पण ईदच्या खरेदीची गर्दी, दुकानातून निघता आले नाही. ते आले तेव्हा दस्तरखान उचलून झाले होते आणि मुलगी खेळणे उशाशी घेऊन झोपी गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला माझ्याच फोनवर ती जाहिरात दाखवली. अर्ध्या मिनिटाची. त्यात बर्गर जेमतेम दोनदा दिसतो. बाकी सगळा वेळ एक बाप ऑफिसातून लवकर घरी येतो, लेकीला खांद्यावर घेतो, आई हसते, कुणालाच घाई नसते. ‘‘बघ ना अम्मी,’’ ती म्हणाली, ‘‘यात अब्बूपण आहेत.’’

मी गप्प बसले.

नंतर मी थोडी माहिती काढली. चिप्स, थंड पेये यांसारख्या पदार्थांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत किंवा फक्त मुलांसाठी असलेल्या वाहिन्यांवर दाखवू नयेत, असा नियम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये केलेला आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकू नयेत, त्यांची जाहिरातही करू नये, हा नियम तर २०२० चा. पण माझ्या मुलीच्या हातात टीव्हीचा रिमोट नसतो, माझा फोन असतो. आणि त्या फोनच्या हिशेबी, पाहणारी बाई छत्तीस वर्षांची आहे! हा फोन तिच्या हाती कुणी दिला? दोन वर्षांची असताना खिचडीचे चार घास पोटात जावेत म्हणून मीच दिला. चिली देशाने २०१६ पासून अशा पदार्थांसोबत खेळणी द्यायलाच मनाई केली, खोक्यांवरची कार्टूनची चित्रेही काढायला लावली. वाचून हेवा वाटला. पण खिचडी भरवताना फोन देऊ नका, हे सांगायला चिलीचे सरकारही माझ्या स्वयंपाकघरात आले नसते.

त्यानंतर जुलैत आपल्या नागपूरच्या एम्समध्ये समोसा-जिलेबीतले तेल आणि साखर सांगणारे फलक लागणार, अशी बातमी आली आणि मोहल्ल्यात सगळे हसले. केंद्र सरकारला खुलासा करावा लागला की ठेल्यावरच्या पदार्थांवर इशारे लावायचे नाहीत, कार्यालयांमधून माहितीचे फलक लावायचे आहेत. मला स्वतःला ते फलक योग्यच वाटतात. इफ्तारला आपण जेवढे पकोडे तळतो, त्या कढईसमोरही एखादा लावायला हरकत नाही. फक्त एवढेच की समोसा माझ्या मुलीच्या मागे घरात येत नाही. तो कोपऱ्यावर असतो, आपण जातो, खातो, परत येतो. तिच्या अब्बूंचा चेहरा लावून तो कुणी विकत नाही.

हे सगळे मी त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘रमजानातच तर धंदा होतो.’’ तेही खोटे नाही. वर्षभराचे भाडे त्या एका महिन्यावर निघते.

डब्याची मागणी अजून महिन्यातून एकदा तरी होते. कधी मी नाही म्हणते, कधी मागवते. आता रमजान पुन्हा तोंडावर आला आहे. परवा ती भिंतीवरचे कॅलेंडर काढून घेऊन बसली आणि विचारू लागली, ‘‘अम्मी, या वेळी अब्बू किती दिवस इफ्तारला घरी असतील?’’ मी म्हटले, ‘‘त्यांनाच विचार.’’

तिने माझ्या फोनवरून दुकानात फोन लावला. पेन्सिल हातात घेऊन, कॅलेंडर मांडीवर ठेवून, ती वाट पाहत बसली. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत होती.